राखणीचा कुत्रा, गोचिडी आणि करंजाचे तेल



शेळी योजनेच्या हिशेबात ‘करंज तेल, चिमटे व चुना’ असा एक लहानसा खर्च छापला होता. तो वाचून एका भगिनीने पत्राने विचारले, ‘शेळ्यांना करंज तेल कशाला लावता?’ ते शेळ्यांसाठी नव्हते, कुत्र्यांसाठी होते. आपल्या देणगीतून कुत्र्याच्या अंगाला तेल का चोळले जाते, हे सांगणे माझे कर्तव्य आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी, अक्कलकुवा तालुक्यात आम्ही ज्या भिल्ल कुटुंबांना शेळ्या देतो, त्यांची घरे एका ठिकाणी दाटीने वसलेली नाहीत. ज्याचे घर त्याच्या शेतात, शेजारी हाकेच्या अंतरावर. भिंती बांबूच्या कुडाच्या, शेणमातीने लिंपलेल्या. शेळ्या रात्री घरातच एका बाजूला बांधतात, कारण बिबट्या फिरतो. तो आला हे सर्वांत आधी कळते कुत्र्याला. कुत्रा गेला की शेळीही फार दिवस राहत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्यात चूक माझी होती.

तीन वर्षांपूर्वी योजनेतून एका विधवा बहिणीला दोन शेळ्या दिल्या. तिचा काळू उन्हाळ्यात गोचिडींनी भरला होता. कानांत तर तूरडाळ चिकटवल्यासारख्या रांगा. “दादा, काय करू?” तिने विचारले. लहानपणी आमच्याकडे तंबाखूचे पाणी लावत, तेच मी सांगितले. झाडपाल्याचा उपाय, त्यात काय अपाय होणार, असे वाटले. काळूने अंग चाटले आणि अर्ध्या तासात त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली, पाय थरथरू लागले. साबणाने धुऊन काढल्यावर तो कसाबसा वाचला. गोचिडी मात्र पंधरा दिवसांत पुन्हा तितक्याच. पावसाच्या सुरुवातीला त्याने खाणे सोडले, हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी तांबडी होऊ लागली. तालुक्याला नेण्याआधीच तो गेला. त्यानंतर महिन्याभरात दोनपैकी एक शेळी बिबट्याने नेली.

पुढे पशुवैद्यक डॉक्टरांनी समजावले तेव्हा कळले की मी औषधही चुकीचे दिले आणि जागाही चुकलो. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड आयुष्याचा थोडाच काळ कुत्र्यावर काढते. अंड्यातून निघालेले सहा पायांचे पिल्लू एकदा रक्त पिते आणि खाली पडते. कात टाकून आठ पायांचे होते, पुन्हा चढते, पुन्हा पडते. असे तीनदा. शेवटी मादी रक्त पिऊन वाटाण्याएवढी फुगते, भिंतीच्या फटीत शिरून हजारांवर अंडी घालते आणि मरते. म्हणजे अंगावर दिसतात त्या मूठभर; बाकी कुडात, खाटेच्या सांध्यांत, दाराच्या चौकटीत दडलेल्या असतात. न खातापिता त्या कित्येक महिने तग धरतात. माझे तंबाखूचे पाणी त्या फटीपर्यंत पोचलेच नव्हते.

काळू मेला तो गोचीड-तापाने. तिच्या चाव्यातून रक्तात शिरणारे सूक्ष्म जंतू तांबड्या पेशी फोडतात. दुसऱ्या एका जातीचे जंतू पांढऱ्या पेशींत घर करतात. मग ताप, अशक्तपणा, कधी नाकातून रक्त. या दुखण्यावर झाडपाला चालत नाही. हिरड्या फिकट दिसल्या, लघवीचा रंग बदलला की त्याच दिवशी डॉक्टर. माणसालाही गोचिडीपासून ताप येतो. मुले कुत्र्याला बिलगून झोपतात, म्हणून ताप आणि तळहात-तळपायांवर पुरळ दिसल्यास मुलाला दवाखान्यात नेऊन ‘घरात गोचिडी आहेत’ हे आवर्जून सांगावे, असे आम्ही प्रत्येक आईला सांगतो.

आता पाड्यावर काय करतो ते. पहिला उपाय हाताचा. रोज संध्याकाळी कान, मान, काखा, बोटांमधल्या बेचक्या आणि शेपटीखालची जागा पाहायची. चिमटा कातडीला लागून धरायचा आणि गोचीड सरळ, सावकाश ओढायची, पिळायची नाही. मग साबणाच्या दाट पाण्यात टाकायची. नखावर चिरडण्याची सवय सगळ्यांनाच आहे, माझीही होती. त्या रक्तातच रोग असतो. विडीचा चटका किंवा रॉकेलही नको. पोरांना हे काम फार आवडते. कोणाच्या वाटीत किती, याची पैज लागते.

दुसरा उपाय घराचा. फटी शेणमातीने लिंपून बुजवायच्या, चौकटीला चुना मारायचा, खाट उन्हात काढून सांध्यांवर उकळते पाणी ओतायचे. निंबोळीचा अर्क कापूसवाल्यांना ठाऊकच आहे: पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळायची. तोच कुत्र्याच्या बसण्याच्या जागेवर आणि भिंतीच्या तळाशी शिंपडतो, दर पंधरा दिवसांनी, निदान तीन महिने. एवढी चिकाटी अवघड आहे, हे मान्य. कोंबड्या अंगणातल्या गोचिडी टिपतात, ती फुकटची मदत.

करंज तेल येते ते यानंतर. एक चमचा तेल दहा चमचे खोबरेलात मिसळून मान, पाठ आणि पायांना हलके चोळायचे; आधी थोड्याच जागी लावून एक दिवस पाहायचे. त्याच्या उग्र वासाने गोचिडी लवकर चढत नाहीत. चढलेल्या मात्र त्याने पटकन मरत नाहीत आणि पावसात तेल धुऊन जाते. बाजारात मानेवर सोडायचे थेंब मिळतात, ते अधिक खात्रीचे. पण दर महिन्याला तेवढे पैसे आमच्या लोकांकडे नसतात. अगदी लहान पिलांना तेलही नको, नुसता चिमटा.

काही गोष्टी मी ठामपणे थांबवल्या आहेत. तंबाखू तर नकोच. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर चालते म्हणून कुत्र्यालाही लावतात. ती डोळ्यात गेली तर बुबुळ सोलवटते, कुत्र्याचे आणि लावणाऱ्याचेही. लसूण-कांदा खाऊ घालू नये, त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशीच फुटतात. कपाशीवरचे फवारणीचे औषध अंगावर ओतणे तर सरळ विष. आणि कडुनिंबाच्या तेलाची बाटली तान्ह्या मुलांपासून दूर ठेवावी. झाडाचे असले तरी पोटात गेल्यास बाळाच्या जिवावर बेतते.

त्या बहिणीला आम्ही पुन्हा एक शेळी दिली. पिलू तिने स्वतःच कुठून तरी आणले. मागच्या बुधवारी गेलो तेव्हा तिने चहा ठेवण्याआधी चिमटा माझ्या हातात दिला. “दादा, आधी कान बघा.” उजव्या कानात दोन निघाल्या, डाव्यात एकही नाही.