गुन्हेगार कोण? कर्जत-खालापुरातील एका जुन्या चर्चेचा मागोवा

टीव्हीवरील रहस्यमालिका कर्जत आणि खालापूर तालुक्यांत घरी पाहिली जाई आणि दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये तिची उलटतपासणी होई. कर्जत मुंबईपासून शंभर किलोमीटरवर आहे आणि खोपोलीची शाखा तिथून आणखी पंधरा किलोमीटर जाते. गाडी इथूनच सुटत असल्यामुळे रोजच्या प्रवाशांना ठरलेल्या डब्यात ठरलेली जागा मिळते आणि पुढचे दोन तास मोकळे असतात. गेल्या चाळीस वर्षांत या चर्चेचे रूप अनेकदा बदलले. मालिका आठवड्याने दिसते, रोज दिसते की हवी तेव्हा, यावर ते बहुतांशी ठरत गेले.

ऐंशीच्या दशकात टीव्ही मोजक्या घरांत होता आणि शेजारपाजार तिथेच जमे. 1985 साली पंकज कपूर यांचा गाजर खाणारा ‘करमचंद’ आला. दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ सुरू झाली. पोलीस नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावरून नाव घेतलेल्या या मराठी मालिकेमागे बी. पी. सिंग होते आणि शिवाजी साटम त्यात तपास अधिकारी होते. रमेश भाटकरांचा ‘हॅलो इन्स्पेक्टर’ही याच सुमाराचा. हे प्रेक्षक कोरे नव्हते. बाबुराव अर्णाळकरांचे झुंजार, धनंजय आणि काळापहाड वाचनालयांतून घरोघर पोचलेले होते. वेषांतर करणाऱ्या नायकावर पोसलेल्या या वाचकाला आता पंचनामा, ठाणे अंमलदार आणि साधा हवालदार दिसू लागला. त्यामुळे बोलणे कथानकाच्या खरेपणावर येई: एवढ्या उजेडात कोणी पाहिले कसे नाही, दार आतून बंद होते तर माणूस गेला कुठून? प्रकरण त्याच भागात निकाली निघो वा पुढे जावो, आठवडाभर दुसरे काही पाहायला नसे, म्हणून प्रत्येक दुवा पुन्हा पुन्हा तपासला जाई.

या तपासात स्थानिक माहितीचा वाटा मोठा, आणि या भागाचे वेगळेपण तिथेच आहे. घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिने लागतात, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबतात, हे इथे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ‘मी त्या वेळी गाडीत होतो’ असे सांगणाऱ्या संशयिताचे वेळापत्रक असा माणूस सहज ताडून पाहतो. नदीचेही तसेच. उन्हाळ्यात कोकणातल्या नद्या आटतात, पण टाटांच्या खोपोली वीजगृहातून सुटणारे पाणी पाताळगंगेला मिळते आणि भिवपुरीचे पेज नदीला. मे महिन्यात वाहत आलेले प्रेत बाहेरच्या प्रेक्षकाला अशक्य वाटेल; इथला प्रेक्षक आधी वीजगृह चालू होते का, ते विचारील. द्रुतगती मार्ग झाल्यावर खालापूरचा टोलनाका हाही असाच एक पुरावा होऊन बसला.

21 जानेवारी 1998 रोजी सोनीवर ‘सीआयडी’ सुरू झाली. निर्माते तेच बी. पी. सिंग, एसीपी प्रद्युम्नच्या भूमिकेत तेच साटम. सुरुवातीला बरीच प्रकरणे दोन भागांत चालत आणि तोवर तर्काला वाव होता. पुढे एका भागात एक प्रकरण ही रीत रुळली. आता गुन्हेगार ओळखण्याचे आडाखे कथेबाहेरून येऊ लागले. पंधरा मिनिटे शिल्लक असताना पकडलेला माणूस निर्दोष असणार. किरकोळ भूमिकेत ओळखीचा चेहरा दिसला तर संशय त्याच्यावर. हे आडाखे बहुधा बरोबर ठरत, आणि म्हणूनच कथानकावरची चर्चा आटली. तिची जागा पात्रांनी घेतली: अभिजीतचा भूतकाळ, दयाने तोडलेली दारे, डॉ. साळुंखे आणि एसीपींची खडाजंगी, फ्रेडरिक्सचा भाबडेपणा. भारनियमनाच्या वर्षांत नेमक्या शेवटी वीज जाई आणि उरलेला उलगडा सकाळी कोणीतरी सांगावा लागे. ऐकणारा मात्र गुन्हेगाराच्या नावाआधी एसीपी काय म्हणाले तेच विचारी.

दैनंदिन मराठी मालिकांनी तिसरे वळण दिले. 2014 मध्ये ‘झी मराठी’वर ‘अस्मिता’ ही स्त्री गुप्तहेर आली. 22 फेब्रुवारी 2016 रोजी सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ने अण्णा नाईकांच्या मृत्यूपासूनच सुरुवात केली आणि अख्ख्या कुटुंबाला संशयित केले. 2019 चे दुसरे पर्व त्याआधीच्या काळात गेले. अण्णा मरणार हे सर्वांना माहीत होते, तरी माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता यांवर आधीपेक्षा जास्त बोलले गेले. मराठी रहस्यमालिकेतील हा सर्वांत धाडसी निर्णय म्हणायला हवा: ‘कोणी केले’ हा प्रश्न काढून घेऊन ‘माणूस असा का झाला’ हा प्रश्न प्रेक्षकाच्या हाती दिला गेला. ऑगस्ट 2020 मधील ‘देवमाणूस’मध्ये तर खुनी कोण, हे प्रेक्षकाला ठाऊकच होते, वाट होती ती तो सापडण्याची. त्या वेळी टाळेबंदीमुळे लोकल सर्वसामान्यांसाठी बंद होती, त्यामुळे ही चर्चा डब्यातून मोबाइलवरील गटांत गेली. पुढे मोबाइलवर हवा तेव्हा भाग पाहता येऊ लागला, तसा सगळ्यांनी एकाच रात्री एकच भाग पाहण्याचा प्रकार विरळ झाला.

‘सीआयडी’ ऑक्टोबर 2018 मध्ये थांबली आणि डिसेंबर 2024 मध्ये परतली. एप्रिल 2025 मध्ये खलनायक बार्बोसाने घडवलेल्या स्फोटात एसीपी प्रद्युम्न गेल्याचे दाखवले गेले आणि वाहिनीने श्रद्धांजलीही वाहिली. चाहत्यांचा संताप उसळला. प्रद्युम्नची जागा पार्थ समथानच्या एसीपी आयुष्मानने घेतली, पण ती फार दिवस टिकली नाही. काही आठवड्यांतच साटम मालिकेत परत आले.