घसरते चाक आणि आपला हुनर

वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त फिरते, म्हणून डिफरन्शियल असते. पण साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरले की दुसऱ्याचाही जोर जातो. मॅकलॅरेनने 2011 च्या 12सी गाडीत ते साधेच ठेवले. घसरते चाक ब्रेक रोखतो. वजन वाचते, पण ब्रेक तापतात. होंडाने 2017 च्या सिव्हिक टाइप आरमध्ये लिमिटेड स्लिप बसवले. तेथे जोर दातेच वाटून देतात.

गॅरेजवाल्या बांधवांना आमची विनंती : अशी गाडी एकच चाक जॅकवर उचलून गिअरमध्ये चालवू नका. जमिनीवरचे चाक तिला पुढे ढकलील आणि जिवावर बेतेल. क्लच प्लेटवाल्या डिफरन्शियलला खास तेल लागते. आधी गाडीचे पुस्तक पाहा, मगच पाना उचला. गिऱ्हाइकाचा भरवसा हीच धंद्याची बरकत.