हातापायांची बधिरता : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अवघडून बसल्यावर पायाला आलेल्या मुंग्या काही मिनिटांत ओसरतात आणि त्यांची काळजी करण्याचे कारण नसते. मात्र आठवडेच्या आठवडे टिकणारी बधिरता, चालताना पायातली चप्पल निसटली तरी न कळणे किंवा गुंडी लावताना ती बोटांना नीट न जाणवणे या मज्जातंतूंना, म्हणजे बोलीभाषेतील ‘नसांना’, इजा होत असल्याच्या खुणा असू शकतात. बधिरता हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. ती कोठे सुरू झाली, नेमक्या कोणत्या बोटांत आहे आणि किती वेगाने पसरली, यांवरून तिच्या कारणाचा माग लागतो. प्रचलित गैरसमजांमुळे हा शोध लांबतो आणि नस वाचवता येण्याचा काळ हातचा जातो.

गैरसमज : बोटांपर्यंत रक्त पोहोचत नाही, म्हणून ती बधिर होतात.

वस्तुस्थिती : रक्तवाहिन्या अरुंद झाल्यास चालताना पोटऱ्या दुखतात, थांबल्यावर दुखणे थांबते आणि पाय गार पडतो. दोन्ही पायांच्या बोटांत सारखीच आणि टिकून राहणारी बधिरता मात्र बहुधा मज्जातंतूंच्या विकारामुळे येते. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू सुमारे एक मीटर लांबीचे, शरीरातील सर्वांत लांब असल्यामुळे शरीरभर परिणाम करणाऱ्या विकारात त्यांची टोके आधी निकामी होऊ लागतात. बधिरता बोटांकडून वर सरकते आणि ती गुडघ्याच्या आसपास पोहोचेपर्यंत हातांच्या बोटांतही जाणवू लागते. मधुमेह हे याचे प्रमुख कारण असून दीर्घकाळचे मद्यपान, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोगावरील काही औषधे आणि क्षयरोगावरील आयसोनियाझिड यांमुळेही असे घडू शकते.

गैरसमज : दुखत नाही, त्याअर्थी गंभीर काही नाही.

वस्तुस्थिती : वेदना हे शरीराचे संरक्षण आहे आणि ते गेल्यावर काटा रुतला किंवा चपलेने फोड आला तरी रुग्ण त्याच पायावर चालत राहतो, मधुमेहींमध्ये अशा जखमा चिघळून पाय कापण्याची वेळ येऊ शकते. बधिरतेवर उपाय म्हणून गरम पाण्यात पाय बुडवणे किंवा शेक घेणे तर धोक्याचेच, कारण कातडी भाजली तरी ते समजत नाही. मधुमेहींची तपासणी साध्या साधनांनी होते. रुग्णाने डोळे मिटल्यावर नायलॉनचा एक तंतू तळव्यावर वाकेपर्यंत टेकवला जातो. त्या वेळी पडणारा सुमारे १० ग्रॅमचा दाबही जाणवला नाही, तर पायाचे संरक्षक संवेदन गेले असे समजतात. त्याच्या जोडीला १२८ हर्ट्झचा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंपन जाणवते का, हेही पाहतात.

गैरसमज : ‘नसांच्या’ गोळ्या घेतल्या की बधिरता जाते.

वस्तुस्थिती : बी-१२ या जीवनसत्त्वाचा अभाव हे बधिरतेचे महत्त्वाचे आणि उपचारसाध्य कारण आहे. ते दूध, अंडी, मासे आणि मांस यांतून मिळत असल्याने दूधही बेताचेच घेणाऱ्या शाकाहारी व्यक्तींत, तसेच मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत त्याची कमतरता आढळते. रक्तक्षय नसतानाही ही कमतरता नसांना इजा करू शकते. नुसते फॉलिक आम्ल घेतल्यास रक्तक्षय सुधारतो, पण नसांची हानी चालूच राहू शकते. उलट बी-६ हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास त्यामुळेच बधिरता येते. म्हणून रक्तातील पातळी तपासून, वैद्यकीय सल्ल्यानेच या गोळ्या घेणे योग्य ठरते.

गैरसमज : हाताला मुंग्या येणे म्हणजे मानेचा मणका झिजणे.

वस्तुस्थिती : उतारवयात मणक्यांची झीज बहुतेकांच्या एक्स-रेमध्ये दिसते, त्यामुळे केवळ तेवढ्यावरून निदान होत नाही. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होत असेल, मुंग्यांमुळे रात्री जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटातील अरुंद मार्गात नस दबलेली असण्याची शक्यता अधिक असते. गरोदरपणात आणि थायरॉइडचे कार्य मंदावल्यास हा त्रास बळावतो. करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू बधिर असल्यास दाब कोपरापाशी असू शकतो.

गैरसमज : कुष्ठरोग आता इतिहासजमा झाला आहे.

वस्तुस्थिती : दर १०,००० लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट भारताने देशपातळीवर २००५च्या अखेरीस गाठले, परंतु नवे रुग्ण अजूनही आढळतात. बाबा आमटे यांच्या वरोऱ्याच्या आनंदवनामुळे या रोगाची ओळख असलेल्या महाराष्ट्रातही त्याचा विसर पडणे परवडणारे नाही. फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा आणि कोपरामागे जाड झालेली नस ही त्याची लक्षणे होत. हा रोग आनुवंशिक नाही. बहुविध औषधोपचाराने तो साधारणतः ६ ते १२ महिन्यांत पूर्ण बरा होतो आणि ही औषधे शासकीय रुग्णालयांत विनामूल्य मिळतात. उशीर झाल्यास मात्र जंतू मरूनही गेलेले संवेदन परत येईलच असे नाही.

गैरसमज : बधिरता हळूहळू वाढते, तेव्हा थांबून पाहायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : शरीराच्या एकाच बाजूला अचानक आलेली बधिरता, विशेषतः तोंड वाकडे होणे किंवा बोबडे बोलणे यांसह, पक्षाघाताची असू शकते, रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येत असल्याने १०८ क्रमांकावर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. पायांत सुरू होऊन काही दिवसांतच वर चढणारा अशक्तपणा, जसा पुण्यात २०२५च्या सुरुवातीला गीयाँ-बारे विकाराच्या रुग्णांत दिसला, श्वसनाच्या स्नायूंपर्यंत पोहोचू शकतो. कंबरदुखीसह जांघेत बधिरता येऊन लघवी अडल्यास तीही तातडीची बाब ठरते.

एरवीच्या, सावकाश वाढणाऱ्या बधिरतेतही रक्तातील साखर, बी-१२, थायरॉइड आणि मूत्रपिंडाचे कार्य यांच्या तपासण्या आधी करून घ्याव्यात आणि त्वचेवर चट्टा नाही ना, हे पाहावे. दुखावलेला तंतू पुन्हा वाढला तरी दिवसाला सुमारे एक मिलिमीटर इतक्याच गतीने वाढतो. त्यामुळे कारण जितके लवकर सापडेल, तितके अधिक संवेदन टिकवता येते.