पानाची ढाल

उन्हाळ्यात भर दुपारी रस्त्याने चालून आलेला मनुष्य घरात शिरला म्हणजे त्याला क्षणभर काहीच नीट दिसत नाही. प्रखर उजेडाला सरावलेले डोळे मंद उजेडाशी जुळवून घेण्यास थोडा अवधी घेतात. शेतातील पिकाच्या पानांचीही अशीच स्थिती होते. मात्र पानांना सावरण्यास फार वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात पिकाचे बरेच नुकसान होते.

हिरवे पान हा वनस्पतीचा अन्न तयार करण्याचा कारखाना होय. मुळांनी शोषलेले पाणी आणि हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वायू यांपासून पान शर्करा बनविते. या कामाला लागणारी शक्ती पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाशातून मिळविते. म्हणून या क्रियेस प्रकाशसंश्लेषण असे म्हणतात. यावरून ऊन जितके अधिक तितके अन्न अधिक, असे कोणासही वाटेल. परंतु तसे घडत नाही. माध्यान्ही पानावर इतका प्रकाश पडतो की, तो सर्व त्याला वापरता येत नाही. हा उरलेला प्रकाश निरुपद्रवीही नसतो. त्याने पानातील नाजूक यंत्रणेला इजा पोहोचते. निसर्गाने यावर तोड काढली आहे. ऊन वाढले की, पानातील एका पिवळ्या रंगद्रव्याचे दुसऱ्या रंगद्रव्यात रूपांतर होते, आणि एका विशिष्ट प्रथिनाच्या साहाय्याने जादा शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकली जाते. ही पानाची ढालच म्हणावयाची!

ही ढाल उचलली जाते चटकन. पण खाली ठेवली जाते सावकाश. सूर्यावर एखादा ढग येतो, किंवा वाऱ्याने वरचे पान हलून खालच्या पानावर सावली पडते. आता प्रकाशाचा कण न् कण उपयोगात आणावयास हवा. पण पान आपले जुन्याच हिशेबाने शक्ती फेकून देत राहते. ही उधळपट्टी कित्येक मिनिटे चालते. दाट पिकात तर पानापानांवरून ऊन-सावली दिवसभर फिरत असते. एवढ्या एका कारणाने पिकाचे उत्पन्न २० टक्क्यांपर्यंत घटत असावे, असे शास्त्रज्ञांनी गणिताने काढले.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे स्टीफन लाँग आणि त्यांचे सहकारी यांनी ही ढाल लवकर खाली आणण्याचे ठरविले. पेशीत कोणते प्रथिन बनावे, याच्या सूचना जनुकांत साठविलेल्या असतात. बाहेरून जनुक घालून सजीवाचा गुणधर्म बदलण्याच्या विद्येस जनुकीय अभियांत्रिकी म्हणतात. या शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस नावाच्या लहानशा रोपातील तीन जनुके घेतली. एक ढाल उचलणारे, दुसरे ती खाली ठेवणारे, आणि तिसरे वर सांगितलेले प्रथिन बनविणारे. केवळ दुसऱ्याचेच बळ वाढविले असते, तर भर उन्हात ढाल दुबळी पडली असती. म्हणून तिन्ही जनुके एकदम तंबाखूच्या रोपांत घालण्यात आली. तंबाखू हे काही अन्न नव्हे. पण तिच्यात नवे जनुक घालणे सोपे असते. २०१६ साली प्रयोगाचे फळ जाहीर झाले. शेतात वाढलेल्या या रोपांचे वाळविल्यानंतरचे वजन साध्या रोपांपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी अधिक भरले.

पुढे हाच प्रयोग सोयाबीनवर झाला. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या ओळखीचे हे पीक. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाप्रमाणे त्याच्या काही वाणांत दाण्यांचे उत्पन्न ३३ टक्क्यांपर्यंत वाढले, आणि तरीही दाण्यांतील प्रथिने व तेल यांचे प्रमाण कमी झाले नाही. ही वाढ २०२० च्या हंगामातील होती. पुढच्या हंगामात पीक आडवे पडले आणि तशी वाढ स्पष्टपणे दिसून आली नाही. शेतीतील प्रयोग असेच असतात. प्रयोगशाळेत वादळ येत नाही, शेतात येते.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट जर्मनीत म्युनिक येथे घडली. तेथील संशोधकांनी तीच तीन जनुके खुद्द ॲराबिडॉप्सिसमध्येच वाढवून पाहिली. ज्या रोपातून ती घेतली होती, त्यालाच ती अधिक लाभतील, अशी कोणीही अपेक्षा करील. परंतु २०२० साली त्यांनी कळविले की, ढाल लवकर उतरूनही रोपांची वाढ उलट खुंटली. तंबाखूला जे मानवले, ते या रोपाला का मानवले नाही, याचा उलगडा शास्त्रज्ञ करीत आहेत.