सिमकार्ड का सुटत नाही (लेखांक 6)

सेवा अपेक्षेला उतरली, उपयोगी वाटली, की ग्राहक समाधानी होतो आणि टिकतो, अशी मांडणी संशोधक अनोल भट्टाचार्जी यांनी 2001 मध्ये ऑनलाइन बँकिंगच्या ग्राहकांचा अभ्यास करून केली. भारतातल्या मोबाइल सेवेचा एक अध्याय या चौकटीत चपखल बसतो. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं ते फुकट. फुकटची चंगळ संपली की हे लोक पांगणार, असं तेव्हा वाटणं साहजिक होतं. पण 31 मार्च 2017 पर्यंत 7 कोटी 20 लाख जणांनी 99 रुपये भरून प्राइम सदस्यत्व घेतल्याचं कंपनीने जाहीर केलं. महिन्याच्या एक जीबीला दोन-अडीचशे रुपये मोजणाऱ्याला 303 रुपयांत रोज एक जीबी मिळू लागल्यावर तो कशाला जाईल? इथे समाधानच ग्राहकाला धरून होतं.

जुलै 2024 मध्ये ही चौकट तोकडी पडते. तिन्ही खासगी कंपन्यांनी लागोपाठ दर वाढवले. जिओचा 155 रुपयांचा पॅक 189 वर गेला, एअरटेलचा 179 चा 199 वर. सेवा होती तीच. समाज माध्यमांवर संतापाला उधाण आलं आणि त्या महिन्यात सरकारी बीएसएनएलचे ग्राहक सुमारे 29 लाखांनी वाढले. आकडा मोठा दिसतो, पण देशातल्या 115 कोटींहून अधिक जोडण्यांत तो जेमतेम पाव टक्का भरतो. वर्ष सरता सरता बीएसएनएललाही पुन्हा गळती लागली. नाराज ग्राहक बहुसंख्येने जागेवरच राहिला, कारण मोबाइल नंबर आता निव्वळ बोलण्यासाठी उरलेला नाही. आधार, बँक खातं, गॅसची नोंदणी, सगळं त्याला बांधलेलं. यूपीआय ॲप सुरू करताना ते गुपचूप एक एसएमएस पाठवून पाहतं, की बँकेत नोंदवलेलं सिम याच फोनमध्ये आहे ना. सिम बंद, तर व्यवहार बंद.

यावर कुणी म्हणेल, जानेवारी 2011 पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येते. 1900 वर एक एसएमएस, की प्रक्रिया सुरू. दरमहा कोटीभर लोक तशी विनंती करतातही, मग अडकलं कोण? मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. पोर्टिंगमुळे कंपनी सुटते, नंबर सुटत नाही. आणि तिघांचेही दर एकदमच चढत असतील तर या दारातून त्या दारात जाऊन फार काही साधत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बँकेचं काम नंबरामुळे होतं, म्हणजे तोही उपयोगच झाला! झाला खरा, पण तो उपयोग बँकेने आणि सरकारने निर्माण केला. त्याचं भाडं मात्र मोबाइल कंपनी वसूल करते. दुसऱ्या सिमवर हे उघडं दिसतं. ते ओटीपीपुरतंच असलं तरी जिवंत ठेवायला डेटासकट पॅक मारावा लागे. डिसेंबर 2024 मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं बंधनकारक केलं. ते आलेही, जिओचा 84 दिवसांचा पॅक 448 रुपयांना होता. म्हणजे ज्या सिमवरून कुणी क्वचितच फोन लावतो, त्याचे दिवसाला पाच रुपयांहून जास्त.