पिकअप एका बाजूस झुकते तेव्हा : कारण शोधण्याची शास्त्रीय पद्धत

२८ डिसेंबर २०२० रोजी सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे देशातील शंभरावी किसान रेल्वे रवाना झाली. सोलापूर जिल्ह्यातील डाळिंब कोलकात्याच्या ग्राहकापर्यंत पोहोचण्याचा हा एक मार्ग. हुगळीच्या पश्चिम तीरावरील शालिमार स्थानकापासून नदीपलीकडील मेछुआच्या फळबाजारापर्यंतचा शेवटचा टप्पा मात्र रस्त्याचाच असतो. सांगोल्यात बागेपासून स्थानकापर्यंतचा पहिला टप्पाही तसाच. शेकडो कोसांचा प्रवास रेल्वे करते, परंतु फळास मार बसतो तो बहुधा या दोन टोकांना. त्या टोकांवर धावणारे पिकअप एका बाजूस झुकलेले असेल, तर खालच्या बाजूच्या क्रेटवर दाब वाढतो, टायर असमान झिजतात आणि वळणावर वाहन उलटण्याचा धोका बळावतो. म्हणून हा दोष वेळीच व नेमका ओळखणे आवश्यक आहे.

लक्षण म्हणजे निदान नव्हे

पान पिवळे पडले की लगेच कीटकनाशक फवारणे जसे चुकीचे, तसेच वाहन झुकले की लगेच शॉक अॅब्सॉर्बर बदलणे चुकीचे. शॉक अॅब्सॉर्बरचे काम स्प्रिंगची उसळी शमवण्याचे आहे. वाहनाचे वजन मुख्यतः पाटे किंवा स्प्रिंग पेलतात. त्यामुळे नवे शॉक अॅब्सॉर्बर बसवूनही झुकाव तसाच राहतो आणि खर्च वाया जातो.

वाहन खरोखर झुकले आहे की जमीन उतरती आहे, हे प्रथम ठरवावे. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेकडे सुमारे २ ते २.५ टक्के उतार दिलेला असतो. दोन चाकांमधील अंतर १.४ मीटर धरल्यास या उतारामुळे डावे चाक उजव्यापेक्षा २८ ते ३५ मिलिमीटर खाली असते. अशा ठिकाणी निर्दोष वाहनही डावीकडे कललेले दिसते.

तीन थर, तीन मापे

वाहन रिकामे करून सपाट काँक्रीटवर उभे करावे. जमीन समतल आहे का, हे गवंड्याच्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने तपासता येते. दोन्ही बाजूंच्या टायरचे आकारमान, झीज व हवेचा दाब समान असल्याची खात्री करावी. वाहनात कोणीही बसलेले नसावे. त्यानंतर प्रत्येक चाकापाशी पुढील मापे घेऊन वहीत नोंदवावीत :

१. जमिनीपासून चाकाच्या मध्यापर्यंतची उंची. येथे डाव्या-उजव्या बाजूंत फरक आढळल्यास दोष टायरमध्ये आहे.

२. चाकाच्या मध्यापासून चेसिसच्या खालच्या कडेपर्यंतचे उभे अंतर. येथे फरक आढळल्यास दोष पाटे, स्प्रिंग किंवा त्यांच्या जोडणीत आहे.

३. चेसिसपासून हौद्यापर्यंतचे अंतर. पहिली दोन मापे समान असून येथे फरक असल्यास हौद्याचे बोल्ट, रबरी बैठक अथवा आधारपट्ट्या तपासाव्यात.

काही मिलिमीटरचा फरक बहुतेक वाहनांत आढळतो. त्याची चिंता करू नये. फरक स्पष्ट असेल, तरच पुढे जावे.

दोष पुढे की मागे?

चेसिस चारही कोपऱ्यांना जोडणारी असल्याने मागचा डावा पाटा बसला, तरी त्याचा परिणाम पुढच्या मापांतही उमटतो. म्हणून पुढच्या चाकांना ओट लावून मागील आडव्या पट्टीच्या बरोबर मध्यभागी जॅक लावावा आणि मागील पाट्यांवरील भार उतरेपर्यंत चेसिस हळूहळू उचलावी. आता वाहनाचा समतोल केवळ पुढील स्प्रिंगवर अवलंबून राहतो. झुकाव नाहीसा झाला, तर दोष मागे. कायम राहिला, तर पुढे. या चाचणीच्या वेळी कोणीही वाहनाखाली जाऊ नये.

दोष मागे असल्यास पाट्यांची माती धुऊन बारकाईने पाहावे. तुटलेल्या पाट्यावर आडवी रेघ किंवा गंजाची धार दिसते; मधल्या बोल्टजवळील भाग विशेष तपासावा. यू-बोल्ट सैल आहेत का, मधला बोल्ट तुटून अॅक्सल सरकला आहे का, शॅकल अडकले आहे का व बुश झिजले आहेत का, हेही पाहावे. अॅक्सल सरकल्याचा संशय असल्यास दोन्ही बाजूंना पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांमधील अंतर मोजून तुलना करावी.

पूर्व कोलकात्याच्या पाणथळ प्रदेशाचा २००२ मध्ये रामसर यादीत समावेश झाला. सुमारे १२,५०० हेक्टरच्या या क्षेत्रात मत्स्यपालन व भाजीपाला लागवड मोठ्या प्रमाणावर होते. मासळी वाहणाऱ्या वाहनांत पाणी सतत ठिबकत राहते. अशा वाहनांत, तसेच कोकणात खाऱ्या हवेत वापरल्या जाणाऱ्या वाहनांत, पाटे धरून ठेवणारे हँगर व त्यालगतची चेसिस गंजून खचली आहे का, हे आवर्जून पाहावे.

भाराची मांडणी

रिकामे असताना सरळ आणि भरल्यावर झुकणारे वाहन असेल, तर प्रथम भाराची मांडणी तपासावी. समजा, मागील दोन पाट्यांवर १,५०० किलो भार आहे व पाट्यांतील अंतर एक मीटर आहे. भाराचा मध्य केवळ १५ सेंटिमीटर डावीकडे सरकला, तर डाव्या पाट्यावर ९७५ आणि उजव्यावर ५२५ किलो भार येतो. असे रोज घडत राहिल्यास डावा पाटा आधी थकतो.

फवारणीच्या पाण्याची टाकी हे याचेच दुसरे रूप. १,००० लिटर पाणी म्हणजे १,००० किलो वजन. टाकी अर्धी रिकामी झाली की वळणावर पाणी बाहेरच्या बाजूस धाव घेते आणि झुकाव आणखी वाढवते. टाकी मध्यभागी घट्ट बांधावी, आतून आडभिंती असलेली टाकी निवडावी आणि अर्धवट भरलेल्या टाकीसह वेगाने वळण घेऊ नये.

दुरुस्ती करताना

केवळ झुकलेल्या बाजूस जादा पाटा चढवणे, हा दोष झाकण्याचा प्रकार आहे. मूळ कारण दूर करावे आणि पाटे बदलायचे झाल्यास दोन्ही बाजूंचे एकत्र बदलावेत. चेसिस वाकलेली किंवा तडकलेली आढळल्यास वाहन मालवाहतुकीसाठी वापरू नये. दुरुस्तीनंतर तीच तीन मापे पुन्हा घेऊन जुन्या नोंदीशी ताडून पाहावीत.

विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या वाहनांसाठी अशी नोंदवही हंगामापूर्वी सुरू करून द्यावी. एक टेप, पाण्याची नळी आणि अर्ध्या तासाचा वेळ इतकेच साहित्य त्यासाठी पुरते. आणि वर्षभर जपलेला माल शेवटच्या काही किलोमीटरमध्ये गमावण्याची वेळ टळते.