मौल्यवान लेखणी आणि लेखणीचें मोल

घरांतील मुलगा किंवा मुलगी पदवी-परीक्षा उत्तीर्ण झाली, कोणी दीर्घ नोकरीनंतर सेवानिवृत्त झालें, अथवा जांवयाचा पहिला दिवाळसण आला, म्हणजे सोलापूरसारख्या शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत आजहि एक प्रश्न निघतो : भेट म्हणून काय द्यावें? अंगठी, घड्याळ आणि फाउंटनपेन हीं तीन नांवें हमखास पुढें येतात. पेन द्यावयाचें ठरलें कीं लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. बाजारांत दोन-तीनशे रुपयांची झरणी मिळते, दहा-पंधरा हजारांची मिळते, आणि मोठ्या शहरांतील मोठ्या दुकानांत लाखाच्या आसपास किंमत असलेलीहि मिळते. तिन्ही शाईनेंच लिहितात आणि तिन्हींतून कागदावर उमटणारा 'श्री' एकच असतो. मग हें अंतर कशाचें?

असे प्रश्न ज्याच्या त्याच्या आवडीवर सोपवून मोकळें होण्याची रीत आहे. परंतु झरणीच्या किमतीचा कांहीं भाग आवडीचा नसून कामाचा असतो, आणि कामाची परीक्षा करतां येते. किंमत कोठपर्यंत लिहिण्याची आणि कोठून पुढें मिरवण्याची, एवढें ध्यानांत आलें म्हणजे पुढील निवड ज्यानें त्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें सुखानें करावी.

महाराष्ट्रांत शतकानुशतकें लिहिलें गेलें तें बोरूनें. बोरू म्हणजे एका गवताची पोकळ व टणक कांडी. तिचें टोंक चाकूनें तिरपें कापावयाचें, त्याला बारीक चीर पाडावयाची, आणि काजळ व डिंक यांच्या शाईंत बुडवून लिहावयास बसावयाचें. पेशवाईचा मोडी पत्रव्यवहार याच साधनानें झाला. बोरूला स्वतःची अशी किंमत नव्हतीच म्हटलें तरी चालेल. किंमत होती ती कापणाऱ्याच्या आणि लिहिणाऱ्याच्या हाताला. पुढें लांकडी दांडीचा व पोलादी निबाचा टाक आला. परंतु दोन-चार शब्दांनंतर पुन्हां दौतींत बुडवावें लागण्याचा त्रास त्यानेंहि चुकला नाहीं. तो त्रास चुकविण्याचे प्रयत्न अनेकांनीं केले. त्यांत न्यूयॉर्कच्या ल्युइस वॉटरमन यानें १८८४ सालीं पेटंट घेतलेली योजना विशेष यशस्वी ठरली.

या योजनेचें मर्म निबाच्या खालीं दडलेल्या काळ्या जिभेंत आहे. समईच्या वातींतून तेल जसें आपोआप वर चढतें, तशीच शाई या जिभेवरील केसासारख्या बारीक खांचेंतून निबाच्या चिरेकडे ओढली जाते. जितकी शाई बाहेर जाते तितकीच हवा आंत आली पाहिजे. ती कमी आली तर लेखणी अडते, आणि जास्त आली तर कागदावर डाग पडतो. शाई व हवा यांची ही देवघेव ज्या पेनांत बिनबोभाट चालते तें पेन चांगलें. ही जीभ नीट कापलेली व निबाला नीट चिकटून बसलेली असावी लागते. ती सोन्याची असावी लागत नाहीं.

सोनें येतें तें निबांत, आणि महाग पेनाची कीर्ति मुख्यतः या सोन्यावर उभी आहे. हें सोनें प्रथम शोभेसाठीं आलें नाहीं. जुन्या काळच्या लोहयुक्त शाया आम्लधर्मी असत आणि त्या पोलाद खाऊन टाकीत. सोन्याला आम्लाची बाधा होत नाहीं, म्हणून निब सोन्याचें करणें हाच व्यवहार्य मार्ग होता. परंतु शुद्ध सोनें फार मऊ असतें. म्हणून त्यांत इतर धातु मिसळून तें बहुधा १४ किंवा १८ कॅरटचें करतात. १४ कॅरटमध्यें शंभर भागांत सुमारें साडेअठ्ठावन्न भाग सोनें असतें. तेंहि कागदावर घासून लवकरच झिजलें असतें. म्हणून निबाच्या अग्राला अत्यंत कठीण मिश्रधातूचा खसखशीएवढा कण जोडलेला असतो. लोक त्याला इरिडियम म्हणतात. प्रत्यक्षांत त्यांत ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन यांसारखे धातु असतात.

येथें एक गोष्ट नीट लक्षांत घेण्यासारखी आहे. कागदाला स्पर्श होतो तो या कणाचा, सोन्याचा नव्हे. असाच कण चांगल्या पोलादी निबालाहि जोडलेला असतो. शिवाय आजचें न गंजणारें पोलाद नित्याच्या शायांना दाद देत नाहीं. म्हणजे ज्या कारणासाठीं सोनें आलें तें कारण बहुतांशीं उरलें नाहीं. सोन्याच्या निबाला कांहींशी लवचिकता असूं शकते आणि ती कित्येक हातांना रुचते, हें खरें. परंतु मुद्दाम ताठ केलेलीं सोन्याचीं निबेंहि पुष्कळ आहेत. एका निबांत सोनें बहुधा एक ग्रॅमहून अधिक नसतें. लाखाच्या लेखणीच्या किमतींत त्याचा वाटा किती अल्प असेल, हा हिशेब कोणासहि करतां येईल.

सोलापूरकरांना याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे टोपण. येथील उन्हाळा कोरडा, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा हवेंत टोपण घट्ट बसत नसेल तर चार दिवसांत निबावरील शाई सुकते आणि ऐन वेळीं लेखणी मुकी होते. दुसरा धोका उष्णतेचा. ज्या पेनांत शाई थेट नळींत भरतात, त्यांतील शाई अर्ध्याहून खालीं गेली कीं वरची हवा हाताच्या किंवा खिशाच्या उबेनें फुगते आणि शाईला बाहेर लोटते. सदऱ्याच्या खिशावर उमटणाऱ्या निळ्या डागाचें कारण बहुधा हेंच असतें. उपाय सोपा आहे : अशी झरणी भरलेली ठेवावी आणि खिशांत निब वर करून लावावी. आतां घट्ट टोपण आणि सफाईदार आटे यांना थोडे अधिक पैसे मोजावे लागतात, आणि ते मोजणें शहाणपणाचें आहे. परंतु तेवढ्यासाठीं लाखांची जरूर पडत नाहीं.

सोलापुरांत चादर घेणारा जाणता गिऱ्हाईक काय करतो? तो चिठ्ठीवरचें नांव वाचून थांबत नाहीं. चादर उलटून वीण पाहतो, सूत बोटांनीं चाचपतो, कांठ ओढून पाहतो. लेखणीलाहि हाच न्याय लावावा. दोनशे रुपयांच्या पेनापासून दोन-तीन हजारांच्या पेनापर्यंत जो चढ असतो त्यांत वीण सुधारत जाते, म्हणजे निब घोटीव होतें, टोपण नेटकें बसतें, दुरुस्ती सुलभ होते. दहा-पंधरा हजारांच्या सुमारास सोन्याचें निब येतें आणि जो रोज पानेंच्या पानें लिहितो त्याला त्याचें सुख जाणवूं शकतें. त्याच्या पुढें मात्र किंमत झपाट्यानें वाढते आणि लिहिणें जवळजवळ वाढतच नाहीं.

मग पुढचे पैसे जातात कोठें? कांहीं खऱ्या कलेकडे जातात, हें न्यायबुद्धीनें मान्य केलें पाहिजे. जपानांत लाखेच्या थरांवर सोन्याची पूड भुरभुरवून चित्रें काढलेल्या लेखण्या करतात. एकेका लेखणीवर कारागीर महिनेच्या महिने खपतो. अशी लेखणी घेणारा खरोखर चित्र घेतो, आणि चित्राला मोल देण्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु पुष्कळ पैसे जातात ते नांवाकडे. एका प्रसिद्ध जर्मन लेखणीच्या निबावर ४८१० हा आंकडा कोरलेला असतो. ती माँ ब्लाँ या पर्वताची मीटरांतील उंची होय. त्या आंकड्यानें अक्षर सुधारत नाहीं. परंतु पाहणाऱ्याला तो ओळखतां येतो, आणि त्या ओळखीचीच किंमत घेतली जाते.

ही गोष्ट किती टोंकाला जाऊं शकते हें २००९ सालीं दिसून आलें. याच जर्मन कारखान्यानें गांधीजयंतीच्या सुमारास महात्मा गांधींच्या नांवानें एक लेखणी काढली. दांडीयात्रेच्या २४१ मैलांचें स्मरण म्हणून अशा २४१ लेखण्या केल्या. टकळीवरील सुताची आठवण व्हावी म्हणून तिच्यावर सोन्याची तार गुंडाळली होती आणि निबावर काठी घेऊन चालणारे गांधीजी कोरले होते. किंमत अकरा लाख रुपयांहून अधिक. कोल्हापूर येथें मुक्त केलेल्या बालमजुरांच्या निवासासाठीं कारखान्यानें देणगी दिल्याचेंहि तेव्हां प्रसिद्ध झालें, आणि ती गोष्ट चांगलीच होती. तथापि, ज्यानें मूठभर मिठासाठीं सत्याग्रह केला त्याच्या नांवाची लेखणी देशांतील लाखोंना वर्षभराच्या कमाईंतहि घेतां येऊं नये, हा विरोध लोकांना खटकला. केरळ उच्च न्यायालयांत दाद मागण्यांत आली आणि २०१० सालीं भारतांतील तिची विक्री थांबली.

गांधीजींनीं स्वतः लेखणीची पारख कशी केली याचाहि दाखला आहे. राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम् यांनीं केलेली स्वदेशी झरणी ग्रामोद्योग संघाचे कुमारप्पा यांच्यामार्फत त्यांच्याकडे पोंचली. १९३५ च्या जुलै महिन्यांत त्यांनीं रत्नम् यांना आभाराचें पत्र पाठविलें. आपण ती वापरून पाहिली असून बाजारांतील परदेशी पेनांच्या जागीं ती चांगली चालेल, असा त्यांचा अभिप्राय होता. आधीं लिहून पाहिलें, मग मत दिलें. लेखणीच्या परीक्षेंत याहून दुसरी कसोटी नाहीं. त्याच काळांत, १९३१ सालीं, मुंबईंत दांडेकर बंधूंनीं शाईची पूड व वड्या तयार करण्याचा उद्योग आरंभिला आणि पुढें 'कॅमल' शाई शाळाशाळांतून पोंचली. येथील कित्येक पिढ्यांचीं अक्षरें अशा साध्या साधनांनींच वळणदार झालीं.

आणखी एक उदाहरण सर्वांत बोलकें आहे. भारताच्या संविधानाची इंग्रजी प्रत दिल्लीच्या प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनीं हातानें लिहिली. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनीं पुण्याच्या हातकागदावर लिहिली. रायजादा यांनीं वापरला तो टाकच, ३०३ क्रमांकाच्या निबाचा. काम पुरें होईपर्यंत चारशेंहून अधिक निबें झिजलीं. मोबदला म्हणून त्यांनीं पैसा घेतला नाहीं. प्रत्येक पानावर आपलें नांव असावें एवढेंच मागितलें. ज्या अक्षरांत स्वतंत्र देशाचा कायदा उभा राहिला त्यांना सोन्याच्या निबाची गरज पडली नाहीं. गरज होती ती वर्षानुवर्षें घोटलेल्या हाताची.

याचा अर्थ चांगली झरणी घेऊं नये असा मुळींच नव्हे. लिहून संपल्यावर फेंकून द्यावयाच्या पेनांच्या या दिवसांत, धुवून, दुरुस्त करून पन्नास वर्षें चालणारी वस्तु घरांत असणें ही चांगली शिकवण आहे. आजोबांच्या झरणीनें नातीनें पत्र लिहावें, यांतला आनंद पैशांत मोजतां येत नाहीं. मात्र आज बहुतेक लेखन यंत्रावर होतें, आणि कित्येक मौल्यवान लेखण्यांच्या वांट्याला वर्षाकांठीं चार सह्या येतात. बाकीचे दिवस त्या मखमलीच्या डबींत काढतात. हरवेल म्हणून शाळेंत न्यावयाच्या नाहींत, पडेल म्हणून मुलांच्या हातीं द्यावयाच्या नाहींत. ज्या भेटीची धास्ती वाटते ती भेट वापरली जात नाहीं.

आणि न वापरल्याची शिक्षा झरणी स्वतःच करते. दागिना पेटींत राहिला तर तसाच राहतो; झरणींतील शाई मात्र पडून राहिली कीं सुकते, जिभेच्या खांचा बुजतात, आणि लाखाची लेखणीहि दोनशेच्या लेखणीइतकीच अडून बसते. तिला बरें ठेवण्याचा एकच उपाय आहे : रोज चार ओळी लिहिणें आणि महिन्या-दोन महिन्यांनीं साध्या पाण्यानें धुणें. तेव्हां पदवीधर मुलीला भेट निवडतांना दुकानदाराला भाव विचारण्याआधीं घरांत एक प्रश्न विचारावा : ही लेखणी ती रोज न भितां हातांत धरील काय? उत्तर होय असेल, तर ऐपतींतील कोणतीहि लेखणी स्वस्तच पडली. उत्तर नाहीं असेल, तर दोनशे रुपयांची झरणी, शाईची दौत आणि एक जाड वही एवढी भेट पुरेशी आहे. वही भरली म्हणजे पुढच्या वर्षीं अधिक चांगल्या लेखणीचा विचार खुशाल करावा.